एक नांव, अनेक श्रद्धा : क्वेकर तरुणांचा धर्मशोध

नाशिकच्या सिंहस्थास येणाऱ्या यात्रेकरूला एक गोष्ट सहज दिसते. पर्व एक, गोदावरी एक, पुण्यकाळहि एकच. पण वैष्णवांचे आखाडे स्नानासाठीं रामकुंडावर उतरतात आणि शैवांचे आखाडे त्र्यंबकेश्वरीं कुशावर्तावर जातात. उपास्यांत भेद, आचारांत भेद, आणि स्नानाच्या मानावरून मागें तंटेहि झालेले. तरी दोघेहि सिंहस्थाचेच यात्रेकरू. हिंदु समाजाला ह्याचें नवल वाटत नाहीं. एवढ्या मोठ्या पसाऱ्यांत दहा मतें नांदणारच, असें तो धरूनच चालतो.

परंतु एखादा अगदीं लहान पंथ घ्या. जगभर मिळून त्याचे अनुयायी चार लक्षांच्या आसपास. त्याला एक नांव आहे, एक संस्थापक आहे, साडेतीनशें वर्षांहून जुना एक इतिहास आहे. त्या पंथांतील तरुण मंडळी एके ठिकाणीं जमली असतां एकजण म्हणतो, ‘येशू ख्रिस्त हाच एक तारणारा’. दुसरी म्हणते, ‘सर्व धर्मांत तोच प्रकाश आहे’. तिसरा म्हणतो, ‘देव आहे कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं’. आणि तिघेहि स्वतःस त्याच एका नांवानें ओळखतात. मग त्या पंथाला पंथ तरी कां म्हणावें? त्याला एकत्र बांधणारी दोरी कोणती?

हा पंथ म्हणजे क्वेकर होय. त्याचें स्वतःचें नांव ‘मित्रसमाज’. त्याच्यापुढील हा प्रश्न परदेशचा वाटला तरी महाराष्ट्राला तो अगदींच परका नाहीं. सेवाग्रामच्या आश्रमांत, मुंबई बंदरांत आणि पूर्वींच्या मध्यप्रांतांतील नर्मदाकांठीं त्याचे धागे येऊन पोंचले आहेत. शिवाय ज्या ज्या सुशिक्षित घरांत आईबापांची श्रद्धा एक आणि मुलांची दुसरी असा अनुभव येतो, त्या प्रत्येक घराचा हा प्रश्न आहे.

प्रथम ह्या पंथाचें मूळ पाहूं. जॉर्ज फॉक्स ह्याचा जन्म सन १६२४ मध्यें इंग्लंडांतील लेस्टर परगण्यांत एका विणकराच्या घरीं झाला. चांभारकाम शिकण्यासाठीं त्याला उमेदवारीवर ठेवलें होतें. एकोणिसाव्या वर्षीं तो घर सोडून सत्याच्या शोधांत निघाला. पाद्र्यांना विचारलें, पंडितांना विचारलें. कोणाच्याहि उत्तरानें त्याचें समाधान झालें नाहीं. शेवटीं त्याला असें कळून आलें कीं, ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या अंतःकरणांतच आहे. तेथें शांतपणें लक्ष दिलें तर मध्यस्थाची गरज उरत नाहीं. सन १६५२ मध्यें लँकेशायरांतील पेंडल टेकडीवर त्याला एक दर्शन झालें, आणि तेथून पुढें त्याच्याभोंवतीं माणसें जमूं लागलीं. त्या वेळीं त्याला अठ्ठाविसावें वर्ष चालू होतें. त्याच्याबरोबर गांवोगांव हिंडणाऱ्या उपदेशकांतील बरेचसे त्याच्याहूनहि लहान होते. म्हणजे हा पंथ मुळांतच तरुणांनीं उभारलेला आहे.

एका तत्त्वांतून किती आचार निघाले, तें पाहण्यासारखें आहे. प्रकाश सर्वांत सारखा, म्हणून पुरोहित नको. संस्कार अंतःकरणाचा, म्हणून पाण्याचा बाप्तिस्मा नको आणि प्रभुभोजनाचा विधीहि नको. नेहमींच खरें बोलावयाचें, म्हणून कचेरींत शपथ घेणें नको. शत्रूंतहि तोच प्रकाश, म्हणून हातीं शस्त्र नको. सर्व समान, म्हणून सरदारालाहि ‘अहोजाहो’ नाहीं, सर्वांना सारखेंच ‘तूं’. आणि न्यायाधीशापुढेंहि टोपी काढावयाची नाहीं. अशा वर्तनाबद्दल हजारों क्वेकरांनीं तुरुंगवास सोसला. ‘क्वेकर’ म्हणजे थरथर कांपणारे, हें नांवहि विरोधकांनीं चेष्टेनें दिलेलें. पुढें तेंच त्यांनीं निमूटपणें स्वीकारलें.

त्यांच्या उपासनेची रीत अगदीं साधी. आठवड्याच्या ठरलेल्या वेळीं सगळीं मंडळी एका साध्या खोलींत येऊन बसतात. मूर्ति नाहीं, वेदी नाहीं, वाद्य नाहीं, प्रवचन नाहीं. सर्वजण मौन धरतात. कोणाला आंतून बोलण्याची प्रेरणा झाली तर त्यानें किंवा तिनें उभें राहून चार शब्द बोलावे आणि पुन्हा बसावें. त्याला कोणी उत्तर द्यावयाचें नाहीं, खंडन करावयाचें नाहीं. कधीं कधीं तासभर कोणीच बोलत नाहीं, आणि ती सभा फुकट गेली असें कोणास वाटत नाहीं.

सभेचें कामकाजहि ह्याच रीतीनें चालतें. तेथें मतें मोजीत नाहींत. एखादा प्रश्न आला कीं ज्याला जें सुचेल तें तो सांगतो. दोन बोलण्यांच्या मध्यें थोडी शांतता राखली जाते. चिटणीस सर्वांचा कल कोणीकडे आहे हें पारखून ठरावाचा मसुदा तेथल्या तेथें लिहितो आणि वाचून दाखवितो. सर्वांच्या मनाला तो पटला तर ठराव झाला. नाहीं पटला तर विषय पुढच्या सभेवर जातो. ह्या रीतीनें एकेका प्रश्नाला वर्षानुवर्षें लागलेलीं आहेत. पण पन्नासांनीं एकोणपन्नासांचा पाडाव केला, असें तेथें होत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. ह्या पंथानें ‘मी अमुक अमुक मानतों’ अशा शब्दांनीं बांधलेली श्रद्धाप्रतिज्ञा अनुयायांवर घातली नाहीं. श्रद्धा अनुभवानें यावी, पाठ करून येऊं नये, हा त्यांतील हेतु. पण ह्याच हेतूंत मतभेदाचें बीज होतें. अंतरांतील प्रकाश एक सांगतो आणि बायबलाचें वचन दुसरें सांगतें, असा प्रसंग आला तर प्रमाण कोणतें मानावें? जोंवर समाज लहान होता आणि बाहेरून छळ होत होता, तोंवर हा प्रश्न दबून राहिला. छळ थांबला, सुबत्ता आली, माणसें अमेरिकेंत पसरलीं, आणि प्रश्नानें डोकें वर काढलें.

सन १८२७ मध्यें फिलाडेल्फिया येथें समाज दुभंगला. एलियास हिक्स नांवाच्या वृद्ध उपदेशकाचे अनुयायी अंतःप्रकाशाला प्रमाण मानीत. दुसरा पक्ष बायबल आणि ख्रिस्ताचें बलिदान ह्यांवर भर देई. पुढील पिढींत दुसऱ्या पक्षांतहि फूट पडली. अमेरिकेच्या पश्चिम भागांत धर्मजागृतीची लाट आली आणि तेथील क्वेकर सभांतून मौनाच्या जागीं स्तोत्रें, प्रवचनें आणि पगारी पाद्री आले. सन १८८७ मध्यें इंडियाना संस्थानांतील रिचमंड येथें ह्या बाजूच्या मंडळींनीं श्रद्धेचें एक सविस्तर निवेदन तयार केलें. लंडनच्या वार्षिक सभेनें तें आपलेंसें केलें नाहीं. उलट सन १८९५ मध्यें मँचेस्टर येथें जी परिषद भरली, तिच्यांत नव्या शास्त्रीय ज्ञानाचें आणि बायबलाच्या चिकित्सक अभ्यासाचें स्वागत झालें. त्या परिषदेंत ज्यांच्या बोलण्याचा ठसा उमटला, त्यांत यॉर्कच्या प्रसिद्ध चॉकोलेट कारखानदार घराण्यांतील जॉन विल्हेल्म राउंट्री हा होता. वय सत्तावीस. पुढें दहाच वर्षांनीं तो वारला. पण इंग्लंडांतील क्वेकर समाजाचें तोंड उदार मताकडे वळविण्याचें श्रेय त्याला आणि त्याच्या तरुण सोबत्यांना देण्यांत येतें.

अमेरिकेंतील पाद्री असलेल्या शाखांनीं मिशनें काढलीं. सन १९०२ मध्यें तिघे अमेरिकन तरुण केनियांतील कायमोसी येथें जाऊन राहिले. त्यांनीं लावलेल्या रोपाचा वृक्ष असा वाढला कीं, आज जगांतील जवळजवळ निम्मे क्वेकर आफ्रिकेंत आहेत आणि एकट्या केनियांत त्यांची संख्या लाखावर आहे. दक्षिण अमेरिकेंत बोलिव्हियाच्या पठारावरील आयमारा लोकांतहि त्यांचा मोठा समाज आहे. ज्या इंग्लंडांत पंथ जन्मला, तेथें मात्र सभासदांची संख्या वीस हजारांच्याहि खालीं आली आहे. तेथील श्रद्धेचें रूपहि पालटलें. सन २०१३ मध्यें ब्रिटिश क्वेकरांची पाहणी झाली, तींत सुमारें सातांत एकानें आपण देव मानीत नाहीं असें सांगितलें. अशा रीतीनें नैरोबीचा क्वेकर तरुण गायकवृंदांत उभा राहून ख्रिस्ताचीं स्तोत्रें गातो, आणि लंडनचा क्वेकर तरुण तासभर मौनांत बसून उठतो. पहिल्याला दुसऱ्याची सभा रिकामी वाटते. दुसऱ्याला पहिल्याची सभा क्वेकर वाटत नाहीं.

हा भेद हिंदुस्थानांतहि, आणि तोहि महाराष्ट्राच्या शेजारीं, उतरला. नाशिक रोडहून प्रयागकडे जाणारी गाडी भुसावळ, खंडवा करीत इटारसीला पोंचते. तेथून भोपाळच्या वाटेवर लागलीच नर्मदातीरीं होशंगाबाद लागतें. आतां त्याचें नांव नर्मदापुरम् असें झालें आहे. सन १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर आणि वर्धा ज्या प्रांतांत होते, त्याच प्रांतांत मोडत असे. रेचेल मेटकाफ ही इंग्लिश क्वेकर बाई सन १८६६ मध्यें हिंदुस्थानांत आली, आणि पुढें इंग्लिश क्वेकरांच्या कामाचें केंद्र होशंगाबाद झालें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अनाथ झालेलीं अनेक मुलें ह्या मिशनाच्या आश्रयाखालीं वाढलीं. त्याच सुमारास अमेरिकेंतील ओहायो संस्थानाच्या क्वेकर स्त्रिया बुंदेलखंडांत आल्या आणि सन १८९६ पासून त्यांनीं नौगांव येथें ठाणें केलें. त्या बायबलनिष्ठ शाखेच्या. म्हणजे मध्य हिंदुस्थानांतच, कांहीं दिवसांच्या वाटेवर, एकाच नांवाचे दोन समाज उभे राहिले, आणि अमेरिकेंत व इंग्लंडांत पडलेली फट नर्मदेच्या उत्तरदक्षिणेस जशीच्या तशी उमटली. येथील खेडुताला त्या फटीचें कारण कोठून ठाऊक असणार?

आणि ह्याच प्रांतांत क्वेकर मनुष्याचा एक तिसरा नमुनाहि दिसला. सन १९३० च्या मार्च महिन्याची २ तारीख नाशिककरांच्या ध्यानांतून जाणार नाहीं. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला त्या दिवशीं प्रारंभ झाला. योगायोग असा कीं, त्याच तारखेचें एक पत्र महात्मा गांधींनीं साबरमतीहून व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांस लिहिलें. मिठाच्या सत्याग्रहाची ती आगाऊ सूचना होती. तें पत्र दिल्लीस नेऊन पोंचविण्याचें काम त्यांनीं रेजिनल्ड रेनल्ड्स नांवाच्या एका पंचविशीच्या इंग्रज तरुणावर सोंपविलें. आपला झगडा इंग्रज माणसाशीं नाहीं, हें दाखविण्यासाठीं ही निवड होती. रेनल्ड्स क्वेकर होता. त्याच्या धर्माला प्रार्थनामंदिराइतकाच राजकीय अन्यायाचाहि विषय जवळचा वाटे, आणि स्वदेशाच्या साम्राज्यावर त्यानें पुढें कडक टीकेचीं पुस्तकें लिहिलीं.

मार्जरी साइक्स ह्यांची वाट वेगळी. सन १९०५ मध्यें यॉर्कशायरांत जन्मलेल्या आणि केंब्रिजला शिकलेल्या ह्या बाई सन १९२८ मध्यें मद्रासला मुलींच्या शाळेंत शिक्षिका म्हणून आल्या. त्या जन्मानें क्वेकर नव्हत्या. सन १९३६ मध्यें, हिंदुस्थानांत असतांनाच, त्या मित्रसमाजांत आल्या. पुढें शांतिनिकेतनांत रवींद्रनाथांच्या सहवासांत राहिल्या, आणि सन १९४९ पासून सुमारें दहा वर्षें त्यांनीं सेवाग्रामला नयी तालीमच्या शिक्षकांना तयार करण्याचें काम केलें. सेवाग्रामची सर्वधर्मप्रार्थना आणि क्वेकरांचें मौन ह्यांत त्यांना विरोध दिसला नाहीं.

लॉरी बेकर हा तिसरा. बर्मिंगहॅमच्या मेथॉडिस्ट कुटुंबांतील हा मुलगा तरुणपणीं स्वतःच्या निवडीनें क्वेकर झाला आणि युद्धकाळांत शस्त्र न धरतां क्वेकरांच्या शुश्रूषापथकांतून चीनमध्यें गेला. परततांना बोट मिळेपर्यंत त्याला मुंबईस थांबावें लागलें. तेथें गांधीजींची गांठ पडली. घर बांधावें तें पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या सामानांतून, हा त्यांचा विचार बेकरनें जन्मभर जपला. सन १९४५ मध्यें तो कुष्ठरोग्यांच्या इमारतींच्या कामासाठीं हिंदुस्थानांत परत आला आणि येथलाच झाला. केरळांतील त्याचीं विटांचीं साधीं, स्वस्त घरें पाहण्यास आज देशोदेशींचे विद्यार्थी येतात. सन २००७ मध्यें त्याचा अंत झाला.

नौगांवची उपदेशिका, रेनल्ड्स, साइक्सबाई आणि बेकर, ह्या चौघांना एका ओळींत बसवून ‘तुमची श्रद्धा काय’ असें विचारलें असतें तर उत्तरें जुळलीं नसतीं. पण प्रत्येकानें सुखवस्तु जीवन सोडून दुसऱ्याच्या देशांत कष्ट उपसले, ह्यांत मात्र फरक नाहीं. हा धागा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

येथून पुढचा प्रश्न सरळच निघतो. प्रत्येकांत प्रकाश आहे असें म्हणावयाचें, तर हिंदु किंवा मुसलमान मनुष्यानें आपला धर्म न सोडतां ह्या मित्रसमाजांत कां येऊं नये? होरेस अलेक्झांडर ह्या ज्येष्ठ क्वेकर गृहस्थांनीं हा प्रश्न गांधीजींशीं झालेल्या विचारविनिमयांतून पुढें आणला. हिंदु माणसानें मित्रसमाजांत वाढणें हें ख्रिस्ती माणसाइतकेंच स्वाभाविक मानलें जात असेल तर हें साधेल, असा गांधीजींच्या उत्तराचा आशय होता. त्यांच्या मृत्यूनंतर अलेक्झांडर आणि त्यांच्या सोबत्यांनीं निरनिराळ्या धर्मांच्या माणसांची ‘सत्यमित्रांची’ एक वेगळी संगत स्थापिली. ती वेगळी स्थापावी लागली, ह्यांतच मूळ समाजाची अडचण दिसते. नौगांवच्या मंडळींना तें पटणें शक्य नव्हतें.

महाराष्ट्रानें हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनें अनुभवला आहे. नाशिकजवळील जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रें’मुळें घरोघर माहीत आहेत. त्यांचे पति रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं सन १९१७ मध्यें मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उघडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्हीं प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथें सारखें स्थान असावें, ही त्यांची इच्छा. दोनच वर्षांनीं टिळक निवर्तले आणि तो प्रयोग मूळ धरूं शकला नाहीं. मुंबईचा प्रार्थनासमाज सन १८६७ मध्यें निघाला. ह्याच जिल्ह्यांतील निफाडला जन्मलेले न्यायमूर्ति रानडे त्याच्या आधारस्तंभांपैकीं एक. कोणताहि एक ग्रंथ अचूक ईश्वरी वाणी मानावयाचा नाहीं, असें त्या समाजाचें धोरण. त्यामुळें तेथें विचाराला मोकळीक पुष्कळ राहिली. पण उपासना संपवून घरीं गेल्यावर ज्याचा तो जुन्या चालीनें वागे, आणि मोठा अनुयायीवर्ग कांहीं त्याला लाभला नाहीं. मोकळीक दिली म्हणजे समाज टिकतोच असें नाहीं, हा ह्या दोन्हीं उदाहरणांचा धडा आहे. मोकळीक पेलण्यासाठीं कांहीं वहिवाट लागते.

आतां क्वेकर तरुणांनीं ही वहिवाट कशी शोधली, तें पाहूं. सन १९८५ मध्यें अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायना संस्थानांत ग्रीन्सबरो गांवीं गिलफर्ड कॉलेजांत जगांतील क्वेकर तरुणांचा मेळावा भरला. सुमारें तीनशें मुलेंमुली जमलीं. आपल्या पंथाच्या निम्म्या भागाशीं आपली कधीं ओळखहि झालेली नाहीं, ही गोष्ट त्यांतील पुष्कळांना तेथें प्रथम कळली. सन २००५ च्या ऑगस्टांत दुसरा मोठा मेळावा इंग्लंडांत लँकेस्टर येथें, म्हणजे फॉक्सच्या पेंडल टेकडीच्याच मुलखांत, भरला. अठरा ते पस्तीस वयाचे सव्वादोनशेंच्या आसपास प्रतिनिधि आले. पण एक उणीव राहिली. आफ्रिकेंतील अनेक तरुणांना इंग्लंडांत येण्याचा परवानाच मिळाला नाहीं. ज्या खंडांत पंथाचे निम्मे लोक राहतात, तेथील तरुणांच्या जागा पंथाच्या जन्मभूमींत रिकाम्या राहिल्या. म्हणून त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केनियाच्या किनाऱ्यावर कानामाई येथें दुसरी सभा घेण्यांत आली. श्रद्धेच्या भेदापूर्वीं पैशाचा आणि परवान्याचा भेद आडवा येतो, हें ह्या प्रसंगानें उघड झालें.

अशा सभांत मतभेदाचा विषय क्वेकर मंडळी कसा हाताळतात, हें समजून घेण्यासारखें आहे. दहाबारा माणसें वर्तुळांत बसतात. एक प्रश्न मांडला जातो. उदाहरणार्थ, ‘संकटांत तुला आधार कशाचा वाटला?’ मग एकेकानें बोलावयाचें. नियम थोडे पण कडक. स्वतःच्या अनुभवाचें बोलावें, दुसऱ्याच्या मताचें नाहीं. एकदां बोलल्यावर सर्वांचें होईपर्यंत पुन्हा बोलूं नये. दोघांच्या बोलण्यांत थोडें मौन ठेवावें. उत्तर देऊं नये, उपदेश करूं नये. आणि तेथें ऐकलेलें बाहेर सांगूं नये.

ह्या साध्या नियमांचा परिणाम काय होतो, तें कल्पनेनें पाहतां येईल. समजा, एक केनियन तरुण सांगतो कीं, भाऊ वारला तेव्हां येशूच्या नांवानेंच आपण तग धरला. त्याच्या शेजारीं बसलेली इंग्लिश तरुणी देव मानीत नाहीं. वादसभा असती तर तिनें ‘ह्याला पुरावा काय’ असें विचारलें असतें, आणि त्यानें ‘तूं क्वेकर कशी’ असें उलट विचारलें असतें. येथें तिला मौनांत बसावें लागतें, आणि त्याचें दुःख तिच्या कानांत थोडा वेळ राहतें. मग तिची पाळी येते. रुग्णालयांत आईच्या उशाशीं बसून काढलेली रात्र ती सांगते. आतां गप्प बसण्याची पाळी त्याची. दोघांचीं मतें सभेनंतरहि तींच असतात. पण ‘हिच्यांत श्रद्धाच नाहीं’ आणि ‘ह्याला विचारच करतां येत नाहीं’ असें म्हणणें दोघांनाहि जड जातें. एवढी मजल ज्या रीतीनें गांठतां येते, ती रीत लहान म्हणतां येणार नाहीं.

तथापि ह्या रीतीनें सर्व कांहीं साधतें, असें म्हणणें सत्याला सोडून होईल. सन २००९ मध्यें ब्रिटनच्या वार्षिक सभेनें समलिंगी जोडप्यांच्या विवाहास मान्यता दिली. अनेक आफ्रिकन आणि बायबलनिष्ठ शाखांना हा निर्णय धर्मविरुद्ध वाटतो. अमेरिकेंत ह्या आणि बायबलाच्या प्रामाण्याच्या वादावरून जुन्या वार्षिक सभा तुटल्या. उत्तर कॅरोलायनाची वार्षिक सभा तीनशें वर्षांहून जुनी. सन १८२७ च्या फुटीचा वणवाहि तिनें पचविला होता. सन २०१७ मध्यें ती विसर्जित झाली. ज्या ग्रीन्सबरोंत १९८५ सालीं जगांतील क्वेकर तरुण एकमेकांना भेटले, तें गांव ह्याच सभेच्या क्षेत्रांतलें. तरुणांच्या भेटीनंतर बत्तीस वर्षांनीं थोरांचें घर मोडलें.

हें कां झालें? मेळाव्यांत माणसें दहा दिवसांसाठीं जमतात. तेथें ऐकून घेतलें म्हणजे पुरे. पण वार्षिक सभेला पैसा असतो, इमारती असतात, पाद्री नेमावयाचे असतात, विवाह लावावयाचे असतात. तेथें केवळ ऐकून भागत नाहीं, ठरवावें लागतें. आणि ज्या सभांत मौनाची आणि एकमतानें ठरविण्याची जुनी संवय क्षीण झाली होती, तेथें प्रश्न बहुमताच्या आणि हक्काच्या भाषेंत गेला. संवय मोडली तेथें नांव एकटें भार घेऊं शकलें नाहीं.

तरी समाज संपलेला नाहीं. सर्व शाखांना जोडणारी एक जागतिक सल्लागार समिति सन १९३७ पासून आहे. तिच्या विद्यमानें २०१२ सालीं केनियांत, २०१६ सालीं पेरूंत आणि २०२४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत सर्व शाखांचे लोक जमले. स्तोत्रें गाणारे मौनांत बसतात, मौनांत बसणारे स्तोत्रें ऐकतात. कोणाची उपासना खरी, हा प्रश्न सुटलेला नाहीं. पण युद्धपीडितांना अन्न पोंचविणें, तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटणें, भांडणाऱ्यांमध्यें जाऊन बसणें, हीं कामें करतांना तो प्रश्न कोणी विचारीत नाहीं. सन १९४७ मध्यें शांततेचें नोबेल पारितोषिक इंग्लंड आणि अमेरिका येथील क्वेकरांच्या सेवासंस्थांना मिळालें, तें अशाच कामासाठीं. होशंगाबादजवळील रसूलियाच्या क्वेकर केंद्रानें सन १९७२ मध्यें किशोर भारती ह्या संस्थेच्या जोडीनें खेड्यांतील सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा जो उपक्रम आरंभिला, त्यांतहि शिक्षकाची श्रद्धा कोणती, हें कोणी विचारलें नाहीं. मुलांनीं पान, बी, दगड हातीं घ्यावा, स्वतः पाहावें आणि मग बोलावें, एवढाच तेथला नियम. फॉक्सनें धर्माविषयीं जें सांगितलें, तेंच तेथें विज्ञानाला लावलेलें दिसतें.

तात्पर्य, समाजाला एकत्र ठेवणारी दोरी एकमताची असेल तर तो एकमत मोडतांच तुटतो. क्वेकरांची दोरी निराळ्या धाग्यांची वळलेली आहे. एकत्र बसण्याची संवय, दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत गप्प राहण्याची शिस्त, आणि हातांना मिळालेलें सामाइक काम, हे ते तीन धागे. ते जेथें शाबूत आहेत तेथें नास्तिक आणि भक्त एका बाकावर बसतात. जेथें विरले तेथें तीनशें वर्षांचें घरहि टिकत नाहीं. प्रत्येक पिढीला ही दोरी पुन्हा वळावी लागते, आणि तें काम बहुधा तरुणांच्याच वांट्याला येतें. फॉक्सच्या वेळीं आलें, राउंट्रीच्या वेळीं आलें, आज नैरोबी, ला पाझ आणि लंडन येथल्या मुलामुलींच्या वांट्याला आलें आहे.

आपल्याकडील सुशिक्षित घरांतहि आज असेंच होतें. आजी एकादशी धरते, वडील प्रवचनाला जातात, मुलगी विपश्यनेला बसते, मुलगा कशालाच बसत नाहीं. जेवतांना विषय निघाला कीं आवाज चढतात किंवा ताटें लौकर उचललीं जातात. ह्या घरांना क्वेकर होण्याची जरूर नाहीं. एकानें आपल्या अनुभवाचें सांगावें, दुसऱ्यांनीं तें मध्यें न तोडतां ऐकावें, आणि उत्तर देण्याआधीं थोडें थांबावें, एवढें जेवणाच्या पंक्तींत जमलें तरी मतें निराळीं राहून पंक्ति मोडणार नाहीं.